मुकणे जव्हारला कुठून आले? एका वंशावळीचं वाचन

पेटच्या मुलाखतीत विचारला जाणारा एक ठरलेला प्रश्न आहे : 'तुमचा प्राथमिक स्रोत कोणता?' बरेच जण गडबडीत 'गॅझेटिअर' म्हणून मोकळे होतात. पुढचा प्रश्न असतो, 'गॅझेटिअरला ही माहिती कोणी दिली?' इथे गाडी अडते. आज हा दुसरा प्रश्न एका वंशावळीला लावून बघू. वंशावळ जव्हारच्या मुकणे घराण्याची आहे.

जव्हार संस्थान ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : आजच्या पालघर जिल्ह्यातलं, सुमारे ३१० चौरस मैलांचं, सह्याद्री आणि किनारा यांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यातलं संस्थान. राजघराणं महादेव कोळी. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. शेवटचे राजे यशवंतराव मार्तंडराव मुकणे पुढे १९६० च्या दशकात लोकसभेवरही निवडून गेले.

आता मूळ पुरुषाची गोष्ट. इगतपुरीजवळ थळघाटाच्या माथ्यावर मुकणे नावाचं गाव आहे (मुकणे धरणामुळे नाव ऐकलं असेल). तिथल्या मातीच्या गढीचा धनी जायबा. त्याला एका देवस्थानात पाच कोळी साधूंनी 'तू जव्हारचा राजा होशील' असा आशीर्वाद दिला. मग तो पेठ, धरमपूरकडे गेला, काही वर्षं सुरत-काठेवाडात काढली आणि परत येऊन जव्हारच्या वारली प्रमुखाकडे मागणं मागितलं : बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढी जमीन द्या. प्रमुख हो म्हणाला. जायबानं कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकापुढे एक जोडल्या आणि तेवढ्या दोरीनं अख्खा मुलूख घेरला. वारली प्रमुखाला गंभीरगडाकडचा भाग देऊन वाटेला लावलं. जायबाचा मुलगा निमशहा याला दिल्लीच्या सुलतानानं राजा मानलं ती तारीख ५ जून १३४३. जव्हारच्या दरबारी कागदांत या दिवसापासून स्वतंत्र शक मोजला जात असे.

विज्ञानाची एमएस्सी करून मी इतिहासाकडे वळले, त्यामुळे अशी गोष्ट वाचली की माझा हात आधी आकडेमोडीकडे जातो. १३४३ ते १९४८ म्हणजे ६०५ वर्षं. एक पिढी २५ वर्षांची धरली तर २४ पिढ्या, ३० ची धरली तर २०. एवढ्या काळाची वंशावळ म्हणून दहाच नावं समोर आली तर मधली गळाली आहेत. पस्तीस आली तर कुणीतरी भावाला मुलगा करून टाकलंय. हा हिशेब पाच मिनिटांचा आहे, पण तो न करता प्रबंधाच्या परिशिष्टात वंशवृक्ष चिकटवलेले मी पाहिलेत.

जव्हारपुरता या हिशेबात एक काटा आहे. राजांची यादी आणि वंशावळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गादी भावाकडे जाऊ शकते, दत्तकाकडे जाऊ शकते. शिवाय इथे गादीवर बसल्यावर नाव बदलतं. यशवंतराव हेच पतंगशहा, त्यांचे वडील मार्तंडराव हेच विक्रमशहा. निमशहा, कृष्णशहा, विक्रमशहा, पतंगशहा ही मोजकी नावं शतकानुशतकं फिरत राहतात. त्यांच्यापुढचे पहिला, चौथा, पाचवा हे आकडे नंतरच्या यादी करणाऱ्यांनी लावलेले. त्या माणसाला कुणी हयातीत 'चौथे' म्हणून हाक मारली नाही. म्हणून एखाद्या जुन्या कागदात नुसतं 'विक्रमशहा' दिसलं तर तो कुठला हे त्या कागदाच्या तारखेवरून ठरवायचं. यादीवरून कागदाची तारीख ठरवायला गेलात तर गोल गोल फिराल.

बाकी १३४३ या सालाचं काय? त्या वर्षी दिल्लीत मुहम्मद बिन तुघलक होता, आणि दख्खनेत त्याचा अंमल होता, म्हणजे कालविसंगती नाही. पण विसंगती नसणं हा पुरावा नव्हे. इम्पीरियल गॅझेटिअर म्हणतं की १२९४ पर्यंत, म्हणजे दख्खनेवरच्या पहिल्या मुसलमानी स्वारीपर्यंत, जव्हार वारली प्रमुखाकडे होतं. ही माहिती संस्थानाकडून, त्या काळच्या कारभाऱ्यांकडून आलेली असणार. म्हणजे छापील पानावर जे साहेबाचं वाटतं ते बऱ्याच अंशी घराण्यानंच स्वतःबद्दल सांगितलेलं आहे. बाहेरची, स्वतंत्र साक्ष हवी असेल तर ती नंतरची आहे : वसईच्या बाजूला असलेल्या पोर्तुगीजांच्या कागदांत शेजारच्या 'कोळ्यांच्या राजा'चा उल्लेख येतो. त्यावरून राज्य होतं आणि दखल घ्यावी एवढं होतं हे कळतं. जायबाबद्दल त्यातून काही कळत नाही.

मूळ पुरुषाच्या नावाचाही एकमेळ नाही. कॅप्टन मॅकिंटॉशनं १८३० च्या दशकात महादेव कोळ्यांवर सविस्तर लिहिलं, त्यांची २४ कुळं नोंदवली. त्या जुन्या इंग्रजी परंपरेत नाव येतं ते पोपेरा. संस्थानी परंपरेत जायबा. पोपेरे हे आडनाव अकोले भागातल्या महादेव कोळ्यांत आजही आहे, त्यामुळे दोन टिंबं जोडायचा मोह होतो. आवरा. नावाचं साम्य हा संशोधनाचा प्रश्न आहे, उत्तर नव्हे.

आणि कातडं? गॅझेटिअर लिहिणाऱ्यालाही ती गोष्ट ओळखीची वाटली होती. कार्थेज वसवणारी राणी डायडो हिनं नेमकी हीच युक्ती केली असं रोमन काळापासून सांगतात, आणि गॅझेटिअरनं तिचं नावच घेतलंय. ही फिरती कथा आहे. तेव्हा जायबानं खरंच कातडं कापलं का, हा प्रश्न सोडून द्या.

मग गोष्ट फेकून द्यायची? अजिबात नाही. माझ्या मते या वंशावळीतला सगळ्यात विश्वासार्ह भाग तोच आहे, फक्त तो घटनेबद्दल विश्वासार्ह नाही. राजघराणी आपली वंशावळ सहसा सूर्याला नाहीतर चंद्राला नेऊन भिडवतात. इथे घराणं स्वतः काय सांगतंय बघा : आम्ही घाटावरून आलो, जमीन आधी दुसऱ्याची होती, आणि ती आम्ही युक्तीनं घेतली. यातलं एकही वाक्य घराण्याची शोभा वाढवत नाही. स्वतःच्या हक्काला बाधा येईल असं कुणी पिढ्यान् पिढ्या उगाच सांगत बसत नाही. त्यामुळे 'घाटावरून आले' आणि 'आधी वारल्यांचं होतं' या दोन गोष्टींना मी १३४३ च्या तारखेपेक्षा जास्त वजन देईन. आडनावही त्याच दिशेला बोट दाखवतं. मुकणे गावात राहणाऱ्याला गावात कुणी मुकणे म्हणत नाही. गाव सोडून दुसरीकडे गेल्यावर ते नाव चिकटतं.

एक परदेशी उदाहरण इथे उपयोगी पडेल. आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर अकाडिया नावाची फ्रेंच वसाहत होती. १७५५ पासून इंग्रजांनी तिथल्या लोकांना जहाजांत घालून हाकललं. त्यातली काही कुटुंबं १७६५ च्या सुमारास लुईझियानाच्या दलदलीच्या, खाड्यांच्या मुलखात पोचली. १७८५ मध्ये फ्रान्समार्गे सात जहाजांतून आणखी सुमारे १,६०० जण आले. या कुटुंबांची वंशावळ सतराव्या शतकापर्यंत नावानिशी लावता येते, इतकी पक्की की तिथल्या अशर सिंड्रोम या आनुवंशिक आजाराचा माग काढताना संशोधकांना तिचा आधार झाला. ते कशामुळे जमलं? चर्चच्या नोंदवह्यांमुळे. बाप्तिस्मा, लग्न, दफन, प्रत्येकाची नोंद, बायकांच्या माहेरच्या नावासकट. ग्रां-प्रे गावच्या काही वह्या तर हाकललेल्या लोकांबरोबर लुईझियानाला पोचल्या आणि आजही तिथल्या धर्मप्रांताच्या संग्रहात आहेत. हा उजेड गरिबांवरही पडला, कारण चर्चला प्रत्येक जिवाचा हिशेब हवा होता.

आपल्याकडे जव्हार-मोखाड्यात हिशेब कुणाला हवा होता? दरबाराला वारसाचा. महसूल खात्याला खातेदाराचा. बाकीच्यांचा कुणाला नाही. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी घरांत पूर्वजांची आठवण आहेच, कोरलेले वीर बसवतात, पण त्यावर नाव आणि साल नसतं. मग १९५० नंतर अचानक सगळ्यांनाच वंशावळ लागायला लागली.

कारण तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल : जात वैधता प्रमाणपत्र. अनुसूचित जमातींची यादी ६ सप्टेंबर १९५० च्या आदेशाची, म्हणून त्याआधीचा पुरावा मागतात. २००० च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची. पणजोबांपासूनचा वंशवृक्ष शपथपत्रावर काढायचा आणि त्यातल्या प्रत्येकाला कागद जोडायचा : शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, गाव नमुना १४, सातबारा. आता अडचण बघा. पणजोबा शाळेत गेलेच नसतील तर दाखल-खारीजात कुठून येणार? आजोबा गेले असतील तर मास्तरांनी जातीपुढे नुसतं 'कोळी' किंवा 'हिंदू कोळी' लिहून ठेवलंय, 'महादेव' गायब. आडनावाच्या जागी बापाचं नाव. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या घरात मूल जन्मलं तर नोंद भिवंडी-वसईकडे, किंवा कुठेच नाही. वंशावळ खरी असते, कागद तिच्याशी बोलत नाही.

त्यात या दोन तालुक्यांचा खास घोळ आहे, आणि अभ्यासकांच्याही तो लक्षात येत नाही. जव्हार संस्थानात होतं, मोखाडा ब्रिटिश मुलखात, शहापूर तालुक्याचा पेठा म्हणून. आज एसटीनं तासाभराचं अंतर, पण १९४८ पूर्वी तिथे राज्याची हद्द होती. एक भाऊ मोखाड्याच्या पाड्यावर आणि दुसरा जव्हारच्या, तर एकाच घराचे कागद दोन वेगवेगळ्या दप्तरांत जातात. मोखाड्यातल्या माणसाचा जुना कागद शोधताना ठाणे जिल्ह्याचं, शहापूरचं दप्तर बघावं लागतं. जव्हारातल्या माणसासाठी संस्थानी दप्तर. त्या काळचा बराच कागद मोडीत आहे, तेव्हा मोडीचा एखादा वर्ग आत्ताच लावा, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी वेळ मिळत नाही.

२४ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितलं की आप्तभाव चाचणी, म्हणजे चालीरीती, देव, बोली विचारून जमात ठरवणं, ही निर्णायक कसोटी मानता येणार नाही, आणि संविधानापूर्वीच्या कागदाला जास्त वजन आहे. ज्याच्याकडे कागद आहे त्याला याचा मोठा दिलासा मिळाला. ज्याच्या पणजोबाचं नाव कुणी कधी लिहूनच घेतलं नाही, त्याचा प्रश्न मात्र तिथेच आहे.

मुकण्यांची वंशावळ सहाशे वर्षांची सांगता येते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यावरच्या मुलाला सत्तर-ऐंशी वर्षांची जुळवताना नाकी नऊ येतात, हा फरक वंशाचा नाही, दप्तराचा आहे. म्हणून यावर कुणाला काम करायचं असेल तर माझी सूचना अशी : राजवाड्यापासून सुरुवात करू नका, तिथे बरेच जण जाऊन आलेत. मोखाडा-जव्हार हद्दीवरची दोन-तीन गावं घ्या. दोन्ही बाजूंच्या सगळ्यात जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं आणि नमुना १४ शेजारी शेजारी ठेवा. एकच घर दोन वह्यांत कोणत्या नावानं, कोणत्या जातीनं लिहिलंय ते बघा. बायकांची माहेरं घरात बसून विचारा, ती कुठल्याच वहीत मिळणार नाहीत. आणि गंभीरगडाच्या बाजूला वारली घरांत एक प्रश्न जरूर विचारा : तुमचे लोक इथे आधीपासूनचे की जव्हारकडून आलेले? कातड्याच्या गोष्टीत त्या वारली प्रमुखाला नाव नाही. त्याच्या बाजूनं ती गोष्ट कशी सांगतात, हे ऐकून लिहिलेलं माझ्या वाचनात अजून आलेलं नाही.