पुढच्या गाडीचा आडोसा

११ फेब्रुवारी २०२३ रोजी आपल्या हुसेनसागराच्या काठी फॉर्म्युला ई ही विजेवरच्या गाड्यांची शर्यत झाली. मोटारींच्या शर्यती नव्याने पाहणाऱ्याला तेथे एक प्रश्न हमखास पडतो: मागचा गडी पुढे निघून जाण्याऐवजी पुढच्याच्या शेपटाला चिकटून का धावतो? ज्याने उलट्या वाऱ्यात सायकल हाणली आहे आणि मध्येच एखाद्या ट्रकच्या मागे आल्यावर पायांवरचा भार हलका झालेला अनुभवला आहे, त्याला उत्तर ठाऊक आहे. पुढची गाडी हवा कापते, मागची तिच्या आडोशाने जाते. यालाच ड्राफ्टिंग म्हणतात. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, म्हणून हा आडोसा वेगाबरोबर अधिकच मोलाचा ठरतो.

मोटारींच्या जगात ही युक्ती गाजवण्याचे श्रेय अमेरिकेतल्या ज्युनियर जॉन्सन यांना दिले जाते. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात चोरटी दारू गाडीतून पोहोचवता पोहोचवता हा माणूस वेगात तरबेज झाला, त्यापायी तुरुंगातही जाऊन आला. १९६० साली फ्लॉरिडातल्या डेटोना येथे त्यांच्या वाट्याला आलेली शेव्हरोले पॉन्टियाक गाड्यांपेक्षा बरीच हळू होती. सरावात ते एका पॉन्टियाकच्या अगदी मागे लागले आणि आपली गाडी तिच्याबरोबरीने पळते आहे हे त्यांच्या ध्यानात आले. मग शर्यतभर त्यांनी वेगवान गाड्यांच्या पाठी धरल्या. अखेरच्या फेऱ्यांत आघाडीवरच्या गाडीची मागची काच हवेच्या झोताने निखळली, ती गाडी भरकटली आणि जॉन्सन जिंकले.

पण जॉन्सनना हळू गाडीची उणीव भरून काढायची होती. सगळ्याच गाड्या सारख्या असतील तर काय होते, ही याहून गमतीची गोष्ट आहे, आणि ती घडली हौशी लोकांच्या शर्यतींत. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेने १९६३ मध्ये फॉर्म्युला व्ही हा वर्ग मान्य केला. साध्या फोक्सवॅगन बीटलचे १२०० सीसीचे इंजिन, तिचीच चाके, तिचाच गिअरबॉक्स, आणि वर एका माणसापुरता सांगाडा. खर्च आटोक्यात राहावा आणि पैशापेक्षा हाताला किंमत यावी हा हेतू. निकी लाउडा आणि एमर्सन फिटिपाल्डी हे पुढचे जगज्जेते याच पायरीवरून वर गेले. इंजिन इतके अशक्त की एकट्याने पळून सुटणे जवळपास अशक्य. त्यामुळे पाच-सहा गाड्यांची माळ तयार होई. शेवटच्या सरळ पट्ट्यावर आघाडीवर असणे हे तर जवळजवळ संकटच, कारण मागचा आडोशातून बाहेर पडून गोफणीच्या दगडासारखा पुढे जाई. मात्र या गाड्यांची चाके उघडी. चाकाला चाक लागले की मागची गाडी हवेत उडते. म्हणून तेथे आडोसा घ्यायचा, शिवायचे नाही.

शिवणे आले ते बंद अंगाच्या गाड्यांबरोबर. माझदाची मियाटा ही छोटी दोन आसनी गाडी १९८९ मध्ये आली. दहा वर्षांत जुन्या मियाटा स्वस्त झाल्या आणि त्यांतून स्पेक मियाटा हा वर्ग उभा राहिला. २००६ पासून त्याला राष्ट्रीय दर्जा मिळाला. टायर, स्प्रिंगा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर ठरलेले, आणि वजन चालकासकट तोलायचे. येथे मागच्याने पुढच्याच्या बंपरला आपला बंपर हलकेच टेकवून रेटले, तर दोघेही एकट्यापेक्षा जोरात जातात. याचे कारण असे की धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होऊन ती मागे ओढली जाते. दुसरी गाडी तेथे आली की ही ओढ घटते. म्हणजे ज्याला हरवायचे आहे त्यालाच ढकलायचे, आणि तोही ते आनंदाने करून घेतो! हे साटेलोटे पुष्कळदा शेवटच्या फेरीपर्यंतच टिकते.

धोका आहे तो वळणाच्या तोंडाशी. ब्रेक लागताच पुढच्या गाडीचे शेपूट उचलले जाते आणि मागच्या गाडीचे नाक खाली जाते. त्या क्षणी धक्का बसला तर पुढच्याची मागची चाके रस्त्यावरची पकड सोडतात. वळणात तर धक्का मध्यावर बसतच नाही. हातगाडी एका कोपऱ्यातून ढकलली तर ती जशी फिरते, तसेच होते. हौशी माणसाची गाडी त्याच्याच पैशाची, सोमवारी त्याला कामावर जायचे असते, आणि नेहमीचा मोटारविमा शर्यतीतल्या नुकसानीला लागू होत नाही.

त्या क्लबचा नियम सांगतो की गाडीला गाडी लागू न देणे ही प्रत्येक चालकाची जबाबदारी आहे. तरीही सरळ रस्त्यावरच्या हलक्या रेट्याकडे काणाडोळा होतो. कोणी याला ढोंग म्हणेल. मला तो शहाणपणा वाटतो. रेटा नीट बसला तर तक्रार करणारा कोणीच नसतो; चुकला तर ‘मी मदतच करत होतो’ ही सबब चालत नाही. व्यावसायिकांना ही ओळ आखताना नाकी नऊ आले. नॅसकारने २००६ मध्ये डेटोनाच्या वळणांवर असे धक्के मना केले, २०१० मध्ये ती बंधने काढली, आणि २०११ मध्ये जोड्या-जोड्यांनी ढकलत जाण्याचा असा सुळसुळाट झाला की गाडीच्या थंड हवेची वाटच आवळावी लागली. रेटणाऱ्याच्या रेडिएटरला आधीच वारा कमी. आता त्याला फार वेळ चिकटून राहता येईना.

आपल्याकडे सारख्या गाड्यांची परंपरा दक्षिणेत रुजली. मारुती ८००च्या इंजिनावरची फॉर्म्युला मारुती, पुढे कोइंबतूरच्या कंपनीच्या नावाची एलजीबी फॉर्म्युला ४, आणि २०१० पासून बंद अंगाची पोलो कप. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला मारुतीतूनच वर आले. पण चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा रस्ता सुमारे ३.७ किलोमीटरचा आणि कोइंबतूरचा कारी स्पीडवे जेमतेम २.१ किलोमीटरचा. डेटोनासारखा लांब पट्टा नाही. आडोसा मिळतो न मिळतो तोच वळण येते, आणि गाड्या एकमेकींना लागतात त्या बहुधा ब्रेकच्या जागी.