समोरच्याचं नेट गेलं, आता पॉट कुणाचा?

हेडफोन लावलेत ना? आज इतिहासच सांगणार आहे, पण सुरुवात माझ्याच एका कबुलीने.

बीटेकचं शेवटचं वर्ष. हॉस्टेलवर आम्ही मोबाईलवर पोकर खेळायचो. चिप्स खोट्या, पण हरणाऱ्याने मिसळ द्यायची. एका रात्री शेवटी दोघेच उरलो, मी आणि पलीकडच्या विंगमधला एक मित्र. चिप्स त्याच्याकडे जास्त. आणि तेवढ्यात त्याच्या नावाखाली 'डिस्कनेक्टेड' आलं.

पोकरमध्ये डाव सुरू होण्याआधी थोड्या चिप्स टाकाव्याच लागतात, त्याला ब्लाइंड म्हणतात. माणूस गायब असला तरी सॉफ्टवेअर त्याचे ब्लाइंड टाकतं आणि पत्ते फोल्ड करतं. मी काय केलं? दर डावाला रेझ. तो परत आला तेव्हा त्याच्याकडे मूठभर चिप्स उरल्या होत्या. मिसळ मी खाल्ली. पैसे त्याने दिले, बोलला काहीच नाही.

आता इतिहास. १ जानेवारी १९९८ ला 'प्लॅनेट पोकर' या साइटवर खऱ्या पैशांचा ऑनलाइन पोकर सुरू झाला. तेव्हा डायल-अप मोडेमचा जमाना. घरात कुणी फोन उचलला तरी लाइन जायची. मग डाव अर्धा असताना माणूस गायब झाला तर करायचं काय?

तोडगा खऱ्या टेबलावरून घेतला. तिथे जुना संकेत आहे: समोरच्याने तुमच्याजवळ आहे त्याहून मोठी पैज लावली, म्हणून तुम्हाला डावाबाहेर काढत नाहीत. तुमचे असतील तेवढे पैसे टाकून तुम्ही ऑल-इन होता. वरचे पैसे साइड पॉटमध्ये, तिथे बाकीचे आपसात भांडतील. ऑनलाइनवाल्यांनी तेच केलं. नेट गेलेला खेळाडू तोवर टाकलेल्या पैशांपुरता ऑल-इन धरायचा आणि शेवटी त्याचेही पत्ते उघडायचे. मला हा नियम फार आवडतो. माणूस खरं बोलतोय असं धरून चालणारा नियम.

आणि तिथेच तो मेला. समजा, पत्ते बरे आहेत, पण समोरून मोठी पैज आली. भरायची हिंमत नाही, सोडवतही नाही. मग फोनची वायर उपटायची! शोडाउन फुकटात.

सर्व्हरवर काम करणारा म्हणून सांगतो, हे पकडणं महाकठीण. सर्व्हरला फक्त शांतता दिसते. वायर उंदराने कुरतडली की मालकाने ओढली, पॅकेट यायचं बंद झालं एवढंच त्याला कळतं. साइट्सनी मग ही सवलत दिवसातून ठराविक वेळाच ठेवली, तर लोक ती सीएलसारखी जपून वापरायला लागले.

२००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून वर्ल्ड सिरीजला गेला आणि ८३९ खेळाडूंतून २५ लाख डॉलर जिंकला. त्यानंतर ऑनलाइन टेबलांवर झुंबड उडाली. पैज कितीही मोठी लावता येणारा नो-लिमिट प्रकार घरोघरी गेला, म्हणजे वायर उपटण्यातला फायदाही वाढला. हळूहळू साइट्सनी ती सवलत काढूनच टाकली. थोडा जास्तीचा वेळ मिळतो, मग थेट फोल्ड. (आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळच बंद झालेत, तेव्हा कुणी ॲप शोधत बसू नका.)

पण दोघेच उरलेले असताना एक सोपी गोष्ट करता येते, ती मला फार उशिरा कळली. आपणही हात बाजूला ठेवायचे. एका डावात माझा छोटा ब्लाइंड त्याला जातो, पुढच्या डावात त्याचा मला. बेरीज शून्य. म्हणजे मला त्याच्यावर उपकार करायचे नव्हतेच, नुसतं काही न करणं पुरेसं होतं!

बुद्धिबळात तर याच्याही पुढची गोष्ट घडली. २०२० च्या एका ऑनलाइन स्पर्धेत डिंग लिरेनचं नेट गेलं आणि तो वेळेवर हरला. मॅग्नस कार्लसनने पुढच्या डावात सुरुवातीलाच वजीर देऊन डाव सोडला. हिशोब बरोबर.

त्याच वर्षी ३० ऑगस्टला ऑनलाइन ऑलिंपियाडची फायनल होती, भारत विरुद्ध रशिया. जगभर इंटरनेट कोलमडलं, निहाल सरीन आणि आपली नागपूरची दिव्या देशमुख यांचे डाव त्यात गेले. फिडेने दोन्ही संघांना सुवर्ण दिलं. आपण स्टेटसला तिरंगा ठेवला, मीही ठेवला.

पण दोनच दिवस आधी, क्वार्टर फायनलला, निहालसमोरच्या आर्मेनियाच्या खेळाडूचं कनेक्शन गेलं होतं. पॉइंट आपल्याला मिळाला. आर्मेनियाचं अपील फेटाळलं गेलं, आणि त्यांचा संघ दुसरा सामना न खेळताच स्पर्धेतून निघून गेला. ही गोष्ट माझ्या एकाही व्हॉट्सॲप ग्रुपवर आली नव्हती.

हा भाग मी सगळ्यात आधी त्या हॉस्टेलच्या मित्राला पाठवलाय. दोन निळ्या टिका आल्यात, रिप्लाय अजून नाही.