कार्यालय-संकुलांची नियोजन छाननी (मुंबई उपनगरे)

मोठे कार्यालय-संकुल उभारण्यापूर्वी त्या भूखंडासाठी पाणीपुरवठा, मलनिस्सारण, पर्जन्यजलवाहिन्या, वीज, रस्ते, वाहनतळ आणि अग्निसुरक्षा यांची सोय पुरेशी आहे का, हे नियोजन प्राधिकरणाने तपासण्याची प्रक्रिया. मुंबई उपनगरांत ती मुख्यतः मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 आणि 2018 मध्ये लागू झालेली विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 यांच्या आधारे चालते. वास्तुविशारदाने नकाशे सादर केल्यावर महापालिका अटी घालून ‘आयओडी’ म्हणजे अटींची सूचना देते, अटी पाळल्यावर बांधकाम सुरू करण्यासाठी ‘सीसी’ म्हणजे प्रारंभ प्रमाणपत्र आणि अखेरीस वापरासाठी ‘ओसी’ म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र मिळते. या टप्प्यांवर जल अभियंता, पर्जन्यजलवाहिन्या, रस्ते, अग्निशमन अशा खात्यांचे शेरे घ्यावे लागतात. बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठे असल्यास 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीही लागते. अंधेरीच्या मरोळ औद्योगिक क्षेत्रात नियोजनाचे अधिकार महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे (एमआयडीसी) आहेत. अटींची ही यादी भरगच्च असली, तरी तिचे एकक भूखंड हे आहे. संकुलांचा भार मात्र कुंपणाबाहेर, एकाच रस्त्यावर आणि एकाच नाल्यात, एकत्र येतो. त्यामुळे परिसराची एकत्रित क्षमता मोजून तिच्याशी भोगवटा जोडल्याशिवाय ही छाननी आपले काम पुरे करत नाही.

अंधेरी पूर्वेचा इतिहास हे स्पष्ट करतो. 1973 मध्ये येथे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी सीप्झ हे निर्यात प्रक्रिया क्षेत्र स्थापन झाले. त्याच्या शेजारी मरोळचे कारखाने होते. पुढे कारखान्यांच्या जागी माहिती तंत्रज्ञानाची आणि सेवाक्षेत्राची कार्यालये आली. कारखान्याचा भार मालमोटारींचा आणि पाळ्यांमध्ये विभागलेला असतो. कार्यालयांत हजारो माणसे साधारण एकाच वेळी येतात आणि एकाच वेळी बाहेर पडतात. जमिनीचा वापर बदलला, पण पूर्व-पश्चिम प्रवासासाठी अंधेरी-कुर्ला रस्त्यावरची भिस्त दीर्घकाळ तशीच राहिली. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो 8 जून 2014 रोजी सुरू झाली, तर सीप्झला भुयारी मेट्रोचे स्थानक मिळायला ऑक्टोबर 2024 उजाडले. आजच्या नियमावलीत कार्यालयांना रस्त्याच्या रुंदीनुसार 5 पर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या तुलनेत बांधकामाचे प्रमाण) मिळू शकतो. रुंदीची ही अट योग्य असली, तरी ती दारासमोरच्या रस्त्यापुरतीच असते. पुढचा चौक किंवा स्थानकाचा जिना किती माणसे पेलू शकेल, हे तिच्यावरून कळत नाही.

पाण्याच्या बाबतीत ही उणीव अधिक धोकादायक ठरते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी सीप्झ, मरोळ, साकीनाका, विमानतळ आणि कुर्ला असा प्रवास करत माहीमच्या खाडीला मिळते. तिचे पाणलोट क्षेत्र अनेक प्रशासकीय विभागांत पसरले आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि या पट्ट्याची हानी साऱ्या देशाने पाहिली. शहराच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी सुमारे 25 मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेल्या होत्या. 1993 च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता 50 पर्यंत नेण्याची शिफारस आधीच केली होती. असा पाऊस कोणत्याही व्यवस्थेला पेलला नसता, हे खरे. तरीही प्रत्येक भूखंडाने भराव घालून जोते उंच केले आणि आपापले पाणी बाहेर काढले, तर प्रत्येक फाइल नियमात बसूनही शेजारची वस्ती बुडू शकते.

रस्त्यांचे आणि पाण्याचे हेच तर्कशास्त्र पादचाऱ्यांनाही लागू होते. परळच्या गिरण्यांच्या जमिनींवर कार्यालये दाटली, पण स्थानकांचे पूल त्या प्रमाणात वाढले नाहीत. 29 सप्टेंबर 2017 रोजी तेथील एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत 23 जणांचा बळी गेला. त्या सकाळचा अचानक आलेला पाऊसही त्याला कारण होता. मात्र इतकी माणसे त्या अरुंद पुलावर रोज का येत होती, याचे उत्तर जमिनीच्या बदललेल्या वापरात आहे. इमारतीच्या वाहनतळाचा हिशेब नियमावली मागते. स्थानकापर्यंत चालत जाणाऱ्यांचा हिशेबही तितक्याच काटेकोरपणे मागायला हवा.

यावर पहिला आक्षेप असा, की विकासक विकास शुल्क आणि प्रीमियम भरतो, म्हणून सुविधा पुरवणे हे प्राधिकरणाचे काम आहे. ते प्राधिकरणाचे काम आहेच. पण तिजोरीत रक्कम जमा झाल्याने नाला रुंद होत नाही; काम कोठे आणि केव्हा होणार, हे परवानगीतच ठरायला हवे. इंग्लंडमध्ये 1990 च्या नगररचना कायद्याच्या कलम 106 खाली अशी बांधिलकी त्या प्रकल्पाशीच जोडता येते. दुसरा आक्षेप विलंबाचा आहे. परिसराची क्षमता प्राधिकरणाने एकदा मोजून प्रसिद्ध केली, तर प्रत्येक अर्जदाराला तोच अभ्यास पुन्हा करावा लागणार नाही आणि निर्णय उलट लवकर होतील. शेवटी येणाऱ्यावरच सारा बोजा पडेल, ही तिसरी शंका रास्त आहे. त्यासाठी खर्चाचा वाटा बांधकामाच्या प्रमाणात सर्वांवर विभागावा लागेल. उपनगरांत कार्यालये आल्याने दक्षिण मुंबईकडचा प्रवास वाचतो, हा युक्तिवाद तर पूर्ण मान्य करण्याजोगा आहे. तो लाभ टिकवायचा असेल, तर नियोजनाची जबाबदारी वाढते.

म्हणून सुधारणेची दिशा स्पष्ट आहे. पाण्याची क्षमता पाणलोटानुसार आणि प्रवासाची क्षमता स्थानकाच्या परिसरानुसार मोजावी, ते आकडे नागरिकांसमोर ठेवावेत आणि संकुलाचा भोगवटा ठरलेली बाहेरची कामे पुरी होतील तसा टप्प्याटप्प्याने द्यावा. इमारत वापरात आल्यावर प्रत्यक्ष भार पुन्हा तपासावा. संकुलात काम करणाऱ्यांइतकाच त्याच्या कुंपणालगत राहणाऱ्यांचाही या छाननीवर हक्क आहे, आणि तो हक्क परवानगीच्या अटींमध्ये लिहिला गेला तरच त्याची अंमलबजावणी मागता येईल.