‘आपण’ कोण? : २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण

आजच्या व्याख्यानाचा विषय जरा भारदस्त आहे : राजकीय भाषणं आणि राष्ट्राची ओळख. पण घाबरू नका, मी जगभरातल्या गाजलेल्या भाषणांची यादी वाचणार नाही. आपण एकाच माणसाची दोन भाषणं बघू. माणूस म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, जागा दिल्लीतली संविधान सभा, आणि दोन्हींत अंतर साधारण तीन वर्षांचं.

सुरुवातीलाच एक शंका घेतली जाते, आणि ती रास्त आहे. भाषणांनी कुठं राष्ट्र घडतं का हो? राष्ट्र घडतं कायद्यांनी, रेल्वेनं, शाळांनी, निवडणुकांनी. भाषण म्हणजे हवेत विरणारे शब्द. त्यातून ही भाषणं इंग्रजीत, चार भिंतींच्या आत झालेली. मैदानावरच्या लाखोंच्या सभेत नव्हे. मग ती आपल्या ओळखीचा भाग कशी झाली?

माझं उत्तर साधं आहे. राष्ट्र ही गोष्ट शेवटी ‘आपण’ या एका शब्दावर उभी असते. नकाशा सीमा दाखवतो, पण ‘आपण’मध्ये कोण कोण येतं, ते नकाशा सांगत नाही. ते कुणीतरी चारचौघांत बोलून दाखवावं लागतं. आणि ऐकणाऱ्यानं ठरवावं लागतं, की यात मी आहे की नाही.

आता पहिलं भाषण. संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली. मुस्लिम लीग बाहेर होती. १३ डिसेंबरला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी सुचवलं, की जे आलेले नाहीत त्यांची वाट पाहू, ठराव पुढं ढकलू. जयकरांवर बरीच टीका झाली. १७ तारखेला अध्यक्ष राजेंद्र प्रसादांनी अचानक आंबेडकरांचं नाव पुकारलं. त्यांच्या आधी वीस-बावीस वक्ते होते, त्यामुळं आपली पाळी उद्या येईल अशा समजुतीत ते होते. तयारी नव्हती, तसं त्यांनी सांगूनही टाकलं.

लक्षात घ्या, हे काँग्रेसचे कडवे टीकाकार. सभेत आले होते तेही बंगालमधून निवडून. अनेकांना वाटलं असणार, आता हे फोडून काढणार. आणि ते काय बोलले? आज आपण राजकीय, सामाजिक, आर्थिक, सगळ्या अंगांनी विभागलेले आहोत, एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या छावण्या आहोत आणि मीही त्यातल्याच एका छावणीचा पुढारी आहे; तरीही वेळ आणि परिस्थिती मिळाली तर हा देश एक होण्यापासून जगातली कुठलीच गोष्ट रोखू शकणार नाही, असा त्याचा आशय होता. छावणी नाकारली नाही, पण तिच्या पलीकडचा ‘आपण’ उच्चारला.

पुढं फाळणी झाली, त्यांची बंगालमधली जागा गेली. जुलै १९४७ मध्ये ते मुंबई प्रांतातून पुन्हा सभेत आले. आणि गंमत बघा, रिकामी झालेली जागा होती जयकरांचीच. ऑगस्टअखेरीस ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

दुसरं भाषण २५ नोव्हेंबर १९४९ चं. दुसऱ्याच दिवशी संविधान स्वीकारलं जाणार होतं. आनंदाचा प्रसंग. भाषणाची सुरुवात हिशेबानं होते : मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. अंतिम संविधानात ३९५ कलमं. मग आभार. यात आपल्याला सतावणाऱ्यांचेही आभार आहेत : कामथ, पंजाबराव देशमुख, के. टी. शाह, कुंझरू. या मंडळींनी प्रश्न विचारले नसते तर संविधानामागची तत्त्वं समजावून सांगायची संधीच मिळाली नसती, असं ते म्हणतात.

इथं भाषण संपवता आलं असतं. टाळ्याही मिळाल्या असत्या. पण ते विचारतात, मिळालेलं स्वातंत्र्य टिकेल का? पूर्वी ते एकदा गेलेलंच आहे, आणि आपल्याच माणसांच्या फितुरीनं गेलेलं आहे. दाहिर राजाच्या सेनापतींपासून ते दाखले देतात. महाराष्ट्रातल्या ऐकणाऱ्याला झोंबेल असाही एक आहे : शिवाजी महाराज स्वातंत्र्यासाठी लढत असताना दुसरे मराठे सरदार मोगलांच्या बाजूनं लढत होते.

मग तीन इशारे येतात. पहिला, संविधानाचे मार्ग खुले झाल्यावर रक्तरंजित क्रांतीच नव्हे, तर कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रहही सोडून द्या. दुसरा, राजकारणात भक्ती नको. कितीही थोर माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. तिसरा, राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका. २६ जानेवारी १९५० ला राजकारणात एक माणूस, एक मत आणि एक मूल्य येईल. समाजात आणि पैशाच्या व्यवहारात मात्र विषमताच असेल.

आणि यानंतर या भाषणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. ते म्हणतात, आपण एक राष्ट्र आहोत असं मानणं हा मोठा भ्रम आहे. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे असतील? सामाजिक आणि मानसिक अर्थानं आपण अजून राष्ट्र झालेलो नाही, हे जितक्या लवकर ओळखू तितकं बरं. कारण मगच राष्ट्र होण्याची गरज कळेल.

विचार करा, राष्ट्राचं संविधान हातात घेऊन उभा असलेला माणूस हे बोलतोय. मोठी राजकीय भाषणं बहुधा सांगतात, आपण एक आहोत. हे भाषण सांगतं, अजून नाही. पण ‘अजून’ या शब्दात १९४६ चा विश्वास शिल्लक आहे. म्हणून ही दोन्ही भाषणं एकत्र वाचावीत. पहिलं वचन आहे, दुसरा त्याचा ताळेबंद.

आता एक अडचण, ती लपवू नये. सत्याग्रह सोडा म्हणणारे हेच बाबासाहेब १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर गेले होते. मग ही विसंगती का? ते स्वतः सांगतात, संविधानाचे मार्ग बंद होते तेव्हा ते मार्ग समर्थनीय होते. पण महाडचं तळं नगरपालिकेनं ठराव करून आधीच खुलं केलेलं होतं. कागदावर हक्क होता, पाणी नव्हतं. कागदावरचा मार्ग खुला आणि प्रत्यक्षातला बंद, तेव्हा काय करायचं? या भाषणात त्याचं पूर्ण उत्तर मला सापडत नाही. आजही आंदोलन करणारे आणि ते थांबवू पाहणारे, दोघंही याच भाषणाचा आधार घेतात. हे त्याच्या जिवंतपणाचंच लक्षण आहे. ज्यावर भांडावंसं वाटत नाही, ते भाषण फक्त स्मारक होतं.

या भाषणानं त्यांना मतं मिळवून दिली नाहीत. पहिल्याच लोकसभा निवडणुकीत मुंबईत ते हरले. भाषण मात्र राहिलं. महाराष्ट्र शासनानं १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली त्यांच्या लेखन आणि भाषणांचे खंड काढले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढची गर्दी बघा. हातात पिशवी घेतलेला माणूस वाकून पुस्तकं चाळत असतो. सभागृहातलं इंग्रजी भाषण असंच, हातोहात, लोकांचं झालं.

तर सुरुवातीच्या शंकेचं उत्तर : भाषणानं राष्ट्र घडत नाही, हे खरं. पण राष्ट्र कशाला म्हणायचं, याचं माप ते ठेवून जातं. ‘आपण’ म्हणताना कुणी बाहेर तर राहिलं नाही ना, हे त्या मापानं दरवेळी तपासता येतं. २६ नोव्हेंबरला उद्देशिका वाचाल, तेव्हा आदल्या दिवशीचं हे भाषणही एकदा वाचा. इथं थांबतो.