फेडीची अट

कोल्हापूर हे बोर्डिंगांचं गाव. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग 1901 साली सुरू झालं. त्याच सुमारास आणि पुढच्या काही वर्षांत जैन, लिंगायत, मुस्लिम, मिस क्लार्क अशी एकेका समाजाची वसतिगृहं शाहू महाराजांच्या आधारानं उभी राहिली. माझे आजोबा अशाच एका बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले. त्यामुळे दुसऱ्याच्या पैशावर शिकण्यात कमीपणा असतो, असं आमच्या घरात कुणी कधी मानलं नाही. मात्र तो पैसा कुणाचा आणि त्याला अट कोणती, हे आजोबा आधी विचारायचे. पुढे मी इथल्याच एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, मुलामुलींना परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरून द्यायला बसले, तेव्हा त्यांचा तोच प्रश्न माझ्या तोंडी आला.

शिकणाऱ्या मुलाला पोसण्याची पद्धत आपल्याकडे जुनी. वार लावून जेवायचं, माधुकरी मागायची, शाळेत नादारी मिळवायची. वार देणाऱ्या घरात पाणी भरावं लागे, पोरं सांभाळावी लागत, आणि मुळात त्या घराच्या पंक्तीला चालेल अशा जातीत जन्मावं लागे. अट कागदावर नसे, पण असे. मुंबई-पुण्यापर्यंतचं शिक्षण असं निभत होतं. विलायतेचं कसं निभावं? बोटीचं भाडंच एखाद्या कारकुनाच्या वर्षभराच्या पगाराला भारी पडे, शिवाय समुद्र ओलांडल्याबद्दल प्रायश्चित्ताची धास्ती होतीच.

आनंदीबाई जोशी 1883 मध्ये अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांच्यामागे कुठलीही संस्था नव्हती. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी कलकत्त्याजवळ श्रीरामपूरच्या कॉलेजात आपण का जातो आहोत ते भर सभेत सांगितलं, त्यानंतर काही लोकांनी वर्गणी दिली, आणि वडिलांनी घातलेले दागिने विकून बाकीची सोय झाली. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांनी त्यांना आर्थिक आधार दिला. 1886 च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. सतरा वर्षांच्या मुलीला शिकण्यासाठी स्वतःचं आयुष्य सभेत उलगडून दाखवावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं. तिच्या धैर्याचे गोडवे आपण गातो. पण तिला इतकं धैर्य लागू नये अशी व्यवस्था करणं हे खरं काम होतं, आणि त्या काळी ते कुणी केलेलं नव्हतं.

ते केलं जमशेटजी टाटांनी, 1892 साली. नागपूरची एम्प्रेस मिल त्यांनी 1877 मध्ये सुरू केली होती, पैसा हाती आला होता. पोलादाचा कारखाना आणि बंगळूरची विज्ञानसंस्था अजून पुढेच होती, आणि दोन्ही उभ्या राहण्याआधी, 1904 मध्ये ते गेले. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांचा निधी मात्र त्यांनी डोळ्यांदेखत चालता केला. जे. एन. टाटा एंडोमेंट हे त्याचं आजचं नाव. पहिली दोन वर्षं तो पारशी समाजापुरता होता, 1894 पासून सगळ्या भारतीयांना खुला झाला. ही दोन वर्षं मला महत्त्वाची वाटतात. आमच्या गावातली बोर्डिंगं जातवार निघाली, कारण त्या वेळी तोच रस्ता होता. त्यातून हजारो मुलं वर आली आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण एका व्यापाऱ्यानं आपल्या समाजासाठी काढलेला पैसा दोन वर्षांत सगळ्यांसाठी मोकळा करावा, ही गोष्ट त्या काळात साधी नव्हती.

निधीची मुख्य खूण म्हणजे तिथं पैसा दान म्हणून मिळत नाही, कर्ज म्हणून मिळतो. शिकून या, कमवायला लागा आणि हप्त्यांनी परत करा. तुमच्या परतफेडीवर पुढचा विद्यार्थी जाईल. पेटी एकदाच भरायची आणि ती भरलेलीच राहावी अशी ही मांडणी. जमशेटजींचा विचार असा, की दुबळ्याला अन्नवस्त्र देणं हे एक काम झालं, पण देश पुढे जायचा तर त्यातल्या हुशार माणसांना सर्वांत वरच्या शिक्षणापर्यंत पोचवायला हवं. त्या वेळी आय.सी.एस.ची परीक्षा फक्त लंडनला होत असे. डॉक्टरी, इंजिनिअरी, कायदा यांतलं वरचं शिक्षणही तिकडेच. म्हणजे लंडनचं भाडं नसलेला मुलगा कितीही हुशार असला तरी कलेक्टरच्या खुर्चीपाशी पोचू शकत नव्हता. 1924 पर्यंत आय.सी.एस.मध्ये शिरणाऱ्या दर पाच भारतीयांमागे दोघे टाटांचे स्कॉलर होते, असं या निधीच्या इतिहासात सांगितलं जातं.

मला त्या कलेक्टरांपेक्षा पहिल्या दोन नावांचं मोल अधिक वाटतं. निधीच्या पहिल्या स्कॉलर म्हणून दोन बायकांची नावं घेतली जातात, दोघीही डॉक्टर: फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर. कृष्णाबाई आमच्या कोल्हापूरच्या. आज ज्याला आम्ही सी.पी.आर. म्हणतो ते त्या काळचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. तिथं त्यांनी बायकांची बाळंतपणं केली, त्यांची दुखणी पाहिली. पुरुष डॉक्टरला हात दाखवण्यापेक्षा मेलेलं बरं असं मानणाऱ्या घरांतल्या बायका होत्या त्या. माझ्या आजीच्या पिढीत कितीजणी अशा एका डॉक्टरीणबाईंमुळे जगल्या असतील, याची मोजदाद कुठल्याही वहीत नाही. आनंदीबाई परत आल्या आणि काही महिन्यांत, 1887 मध्ये, क्षयानं गेल्या. रुग्ण तपासायला त्यांना आयुष्यच उरलं नाही. कृष्णाबाईंना ते मिळालं. कोल्हापुरात त्यांचं नाव आज जितकं घेतलं जायला हवं तितकं घेतलं जात नाही.

त्याच काळातल्या दुसऱ्या शिष्यवृत्त्या शेजारी ठेवून पाहिल्या की टाटांची अट किती वेगळी होती ते कळतं. श्यामजी कृष्ण वर्मा यांनी 1905 मध्ये लंडनच्या हायगेट भागात इंडिया हाउस काढलं आणि भारतीय तरुणांसाठी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. पॅरिसमध्ये जवाहिरांचा व्यापार करणारे सरदारसिंह राणा यांनी आणखी तीन दिल्या: राणा प्रताप, शिवाजी आणि अकबर यांच्या नावानं, प्रत्येकी दोन हजार रुपयांच्या. अट अशी, की घेणाऱ्यानं पुढे ब्रिटिश सरकारची चाकरी करायची नाही. शिवाजी शिष्यवृत्ती टिळकांच्या शिफारशीनं विनायक दामोदर सावरकरांना मिळाली आणि 1906 च्या जूनमध्ये ते बोटीवर चढले. देणाऱ्यानं अटीतच आपलं राजकारण लिहून ठेवलं होतं आणि घेणाऱ्याला ते मान्य होतं. एकीकडे टाटांचे विद्यार्थी आय.सी.एस.ला बसत होते, दुसरीकडे राणांच्या विद्यार्थ्यांना त्या खुर्चीची मनाई होती. दोन्ही वाटांनी लंडनच गाठलं जात होतं.

बडोद्याची वाट तिसरी. सयाजीराव गायकवाडांनी 1913 मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं; आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी, असा करार. सयाजीरावांचे उपकार मोठे, याबद्दल दुमत नाही. पण 1917 मध्ये करार पाळायला बाबासाहेब बडोद्याला गेले तेव्हा काय झालं? कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद फेकत. राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात आसरा घेतला, तर जमाव काठ्या घेऊन आला आणि त्यांना बाहेर काढलं. नोकरी सोडावी लागली, पण करार मोडल्याचा बोजा मानगुटीवर राहिला. पुढे 1920 मध्ये राहिलेलं शिक्षण पुरं करायला ते पुन्हा लंडनला गेले, ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेल्या पैशावर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि नवल भथेना या पारशी मित्रानं दिलेल्या कर्जावर. नोकरीची अट माणसाला एका जागी बांधते, आणि ती जागा त्याला माणूस म्हणून वागवील याची हमी अट घालणारा राजाही देऊ शकत नाही. पैसे फेडण्याची अट असली तर माणूस कुठूनही फेडू शकतो. टाटांच्या मांडणीतलं शहाणपण मला इथं दिसतं, आणि माझ्या विद्यार्थ्यांना मी ते याच उदाहरणानं सांगत आले.

आता त्या निधीचं वर्ष कसं जातं ते सांगते, कारण ते मी विद्यार्थ्यांच्या बाजूनं पुष्कळ वेळा पाहिलं आहे. दिवाळी सरली की आमच्याकडे चौकशा सुरू व्हायच्या. तोवर परदेशी विद्यापीठांचे अर्ज गेलेले किंवा जायच्या बेतात. निधीचे अर्ज हिवाळ्यात सुटतात, मार्चच्या आसपास मुदत संपते. मग मुलाखती. मुंबईच्या फोर्टमध्ये महात्मा गांधी रस्त्यावर मुल्ला हाउस आहे, तिथं निधीची कचेरी. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघालेली कोल्हापूरची मुलगी सकाळी मुंबईत उतरायची, वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन, साडी किंवा पंजाबी ड्रेसची इस्त्री सांभाळत तिकडे जायची. समोर तिच्याच विषयातली जाणती माणसं बसलेली असायची, हे परत आल्यावर बहुतेकजणी पहिल्यांदा सांगत. वडील काय करतात यापेक्षा तुझा प्रकल्प नक्की काय आहे, हाच प्रश्न जास्त. माझी एक विद्यार्थिनी, शाहूपुरीतल्या गुऱ्हाळवाल्याची मुलगी, म्हणाली होती, “मॅडम, त्यांनी मला माझ्या ग्राफमधली चूक दाखवली आणि मग कर्ज दिलं.”

उन्हाळ्यात निकाल लागतो. जून-जुलैत कागदपत्रं, बँक, व्हिसा. ऑगस्ट-सप्टेंबरात विमान. मिळणारी रक्कम काही लाखांची. इंग्लंड-अमेरिकेच्या आजच्या फीपुढे ती अपुरीच पडते, बाकीची जुळवाजुळव करावी लागते. तिकडे अभ्यास चांगला झाला तर निधी प्रवासाचा काही खर्च आणि थोडी रक्कम बक्षीस म्हणून देतो, ती परत करावी लागत नाही. वर्षाकाठी शंभरभर विद्यार्थी असे जातात. 1892 पासूनची बेरीज पाच हजारांच्या पुढे गेली आहे. आणि हे चालू असताना, कधीतरी पूर्वी गेलेल्यांचे हप्ते येतच असतात. माझ्या गुऱ्हाळवाल्याच्या मुलीनं पहिला हप्ता भरला तेव्हा मला फोन केला होता. पगार झाल्याचा तिनं कधी केला नव्हता.

या यादीतली मोठी नावं सगळ्यांना ठाऊक असतात. के. आर. नारायणन केरळातल्या उळवूर गावचे. फी थकल्यामुळे वर्गाबाहेर उभं राहून शिकलेला मुलगा टाटांच्या पैशावर 1945 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला हॅरल्ड लास्कींच्या हाताखाली गेला आणि पुढे राष्ट्रपती झाला. राजा रामण्णा लंडनला किंग्ज कॉलेजात गेले. जयंत नारळीकर 1957 मध्ये केंब्रिजला गेले. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, म्हणून आमच्या वर्गात त्यांचं नाव निघालं की मुलं जरा ताठ बसत. पण मला एक कमी सांगितली जाणारी साखळी सांगायची आहे. डॉ. जीवराज मेहता हे टाटांच्या शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन डॉक्टरीचं वरचं शिक्षण घेतलेले. गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले ते हेच. 1920 च्या दशकाच्या अखेरीस पुण्यात दिनकर कर्व्यांनी आपल्या पत्नीला मानववंशशास्त्राच्या संशोधनासाठी बर्लिनला पाठवायचं ठरवलं. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या धोंडो केशव कर्वे यांनाच सुनेचं हे जाणं पसंत नव्हतं. पैशाचा प्रश्न सोडवला तो जीवराज मेहतांनी, त्यांनी कर्ज दिलं. इरावती कर्वे गेल्या, डॉक्टरेट घेऊन आल्या, आणि मराठी माणसाला स्वतःच्या समाजाकडे पाहायची नवी दृष्टी त्यांनी दिली. मेहतांना टाटांच्या निधीत जे मिळालं होतं, तेच त्यांनी स्वतःच्या खिशातून पुढे केलं, असं मला वाटतं.

मला या निधीबद्दल एकच रुखरुख आहे, आणि ती निधीच्या दारात नाही, आमच्या दारात आहे. मुंबई-पुण्याच्या मुलाला तो माहीत असतो. चंदगड, आजरा, राधानगरीच्या कॉलेजात एम.एस्सी. करणाऱ्या मुलीला बँकेचं शैक्षणिक कर्ज माहीत असतं, कारण त्याची पाटी एस.टी. स्टँडवर लागलेली असते. बाप त्यासाठी जमीन तारण ठेवायला तयारही होतो. टाटांचं नाव तिच्या कानावर जातं ते मोटारीचं आणि मिठाचं. माझ्यासारख्या शिक्षकांनी हे काम वर्गावर्गांत जाऊन करायला हवं. निवृत्त झाल्यावरही डिसेंबर लागला की मी तालुक्याच्या दोन-तीन कॉलेजांत जाते, कृष्णाबाईंची गोष्ट सांगते, फळ्यावर अर्जाची मुदत लिहिते आणि हेतुपत्र कसं लिहायचं ते समजावते: तीन वाक्यं स्वतःबद्दल, बाकी सगळं विषयाबद्दल. गेल्या खेपेला आजऱ्याच्या एका मुलीनं हात वर करून विचारलं, “मॅडम, पैसे फेडून झाले की मग आपण कुणाचे?”

मी म्हटलं, “कुणाचेच नाही गं. तुझी तूच.” तिनं वहीत मुदतीची तारीख लिहून घेतली.