भाऊ कोण, बायको कोण? ओपेनहायमर ते दुधाळा

आपल्या औंढा नागनाथजवळ, दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा होतेय, अणुऊर्जा विभागाच्या पुढाकाराने. उद्या तिथे किंवा केंद्राच्या दुसऱ्या नोकरीत कुणी लागलं, तर अटेस्टेशन फॉर्म हातात येतो. त्यात आई-वडील, नवरा-बायको, भाऊ-बहीण, सगळ्यांचं नागरिकत्व, जन्मगाव, कामधंदा लिहायचा असतो.

नाती किती महागात पडू शकतात? ओपेनहायमर बघा. अणुबॉम्बच्या या शास्त्रज्ञावर डिसेंबर १९५३ मध्ये आरोप आले. हायड्रोजन बॉम्बला विरोध हा एक. बायको किटी आणि भाऊ फ्रँक पूर्वी कम्युनिस्ट पक्षात होते, हाही एक! २९ जून १९५४ ला त्याचा सिक्युरिटी क्लिअरन्स गेला. मुदत संपायला फक्त एक दिवस उरला होता. अमेरिकन सरकारने हा निर्णय २०२२ मध्ये रद्द केला; तोवर त्याला जाऊन ५५ वर्षं झाली होती.

आपल्या फॉर्मवर सुरुवातीलाच ताकीद असते: माहिती खोटी दिली किंवा लपवली, तर अपात्र. म्हणजे नातं लिहिलं तर चौकशी वाढू शकते, पण लपवलं तर नोकरीच जाऊ शकते. तेव्हा खरं तेच लिहा. पण भावाच्या विचारांचा जाब भावाला विचारायचा का? हा १९५४ चा प्रश्न अजून जुना झालेला नाही.