चित्ता, ससाणा आणि वेगाचा हिशेब

चित्ता जास्त वेगवान की बहिरी ससाणा, हा प्रश्न आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आकडे सोपे आहेत. चित्ता ताशी सुमारे १०० किलोमीटरचा वेग गाठतो; वरून सूर मारणारा ससाणा ३०० च्याही पुढे जातो. पण तुलना करण्याआधी बघावं लागतं, की दोन्हीकडे मोजतोय ती वस्तू एकच आहे का? चित्त्याचा वेग पायांचा आणि पाठीच्या कण्याचा. काहीशे मीटरांत तो संपतो आणि प्राणी धापा टाकत बसतो. ससाण्याच्या वेगात गुरुत्वाकर्षणाचा वाटा मोठा. सरळ उडताना तो एवढा वेगवान नसतो. तेव्हा ही शर्यत काही जुळत नाही. इतिहासात मात्र या दोघांची तुलना नीट होते, कारण दोघंही एकाच धन्याच्या चाकरीत होते.

तो धनी म्हणजे राजा. चित्त्याचे डोळे झाकून त्याला बैलगाडीतून काळविटांच्या कळपाजवळ नेत आणि मग सोडत. ससाण्याच्या डोळ्यांवरही कातडी टोपी असे. शिकार झाली की चित्त्याला लाकडी पळीतून रक्त पाजत, ससाण्याला मांसाचा तुकडा देत. कुमाऊँचा राजा रुद्रदेव याने तर या विषयावर ‘श्यैनिकशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. शिकार हे व्यसन. मग ते राजाने करावं का, याची चर्चाही त्यात आहे.

पण बघा, ही सगळी विद्या शिकवण्याची होती. वंश वाढवण्याची नव्हती. दोघंही रानातून धरून आणलेले. चित्ता तर वाढलेलाच धरत, कारण शिकार तो आईकडून शिकलेला असावा लागे. अकबराने हजार चित्ते जमवले होते, असं जहांगीर आपल्या आत्मचरित्रात सांगतो. त्यांची जोडी जमावी म्हणून खटपट झाली, पण ती फळली नाही. पुढे जहांगीरच्या काळात एक नर गळपट्टा सोडवून मादीकडे गेला आणि तीन पिल्लं झाली. बादशहाने हे नवल म्हणून लिहून ठेवलं. त्यानंतरची ठाऊक असलेली नोंद थेट १९५६ सालची, फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली!

याचा अर्थ काय? घोडा पागेत जन्मतो. दरबारातला प्रत्येक चित्ता मात्र रानातून वजा झालेला. त्यात माळरानं शेतीखाली गेली, बंदुका आल्या. विसाव्या शतकात कोल्हापूर, भावनगर या संस्थानांना आफ्रिकेतून चित्ते मागवावे लागले. कोल्हापूरचे चित्तेवान नामांकित. कसब शाबूत होतं. ते ज्याच्यावर चालायचं, तो प्राणीच या मातीत उरला नव्हता. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

ससाण्यावरही अशीच पाळी आली होती. डीडीटीमुळे अंड्यांची कवचं पातळ होतात, हे ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये दाखवलं. अमेरिकेच्या पूर्व भागात तोवर बहिरी ससाण्याची वीण थांबली होती. तिथे कॉर्नेल विद्यापीठात टॉम केड यांनी बंदिस्त जागेत ससाण्यांची पिल्लं वाढवायला घेतली. केड स्वतः ससाणे बाळगणारे. तीच जुनी राजेशाही विद्या, पण आता प्रश्न वेगळा होता. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली, वाढवलेली पिल्लं रानात सोडली गेली, आणि १९९९ मध्ये हा पक्षी तिथल्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला.

आम्हा तत्त्वज्ञानाच्या लोकांना यात एक जुना भेद दिसतो. एखादी गोष्ट ताब्यात असणं वेगळं आणि ती कळलेली असणं वेगळं. दरबारांना चित्ता हुकमात ठेवता येत होता, म्हणून तो आपल्याला कळला असं वाटलं. तो जन्मतो कसा, कशावर टिकतो, हे विचारायची निकड कोणाला वाटली नाही; रान पुरवत होतं ना! ससाण्याच्या बाबतीत हा प्रश्न थोडे पक्षी शिल्लक असताना विचारला गेला, एवढाच फरक.

सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आले. ते किती वेगाने धावतात, हे तिथे कोणी मोजत बसत नाही. पिल्लं किती जगली, हे मोजतात. हिशेब उशिरा का होईना, योग्य वहीत लिहिला जातो आहे.